मुरुमांसाठी पोटातून अँटिबायोटिक: किती दिवस, कसं आणि कोणी घेऊ नये?

मांजराकाठची
लातूरला क्लासेससाठी आलेल्या मुलामुलींच्या वसतिगृहांत एक गोष्ट सर्रास दिसायली आहे. चेहऱ्यावर फोड आले की मुलं मेडिकलवर जातात, 'पिंपलची गोळी द्या' म्हणतात आणि डॉक्सीसायक्लिनची नाहीतर अझिथ्रोमायसिनची पट्टी घेऊन येतात. कोणी पाच दिवस घेतं, कोणी फोड बसले की सोडतं, परत आले की परत आणतं. एकाच्या चिठ्ठीवर चौघंजण घ्यायलेत. हीच औषधं त्वचारोगतज्ज्ञही लिहून देतात, मग पालकांना सांगायचं काय? औषध चुकीचं आहे की घ्यायची पद्धत? किती दिवस घ्यायचं, त्रास काय होतो, सोबत काय लागतं? ज्यांना या विषयाची नीट माहिती आहे त्यांनी तपशिलात लिहावं. पालकसभेत वाचून दाखवायचा विचार आहे.

कयाधू
ताई, औषध चुकीचं नाही. कोणत्या मुरुमाला, किती दिवस आणि कशाच्या जोडीने, हे तिन्ही चुकायलंय.

मुरूम होतो तेव्हा कातडीत चार गोष्टी घडतात. तेलग्रंथी जास्त तेल सोडतात, केसाच्या मुळाचं भोक मेलेल्या पेशींनी बुजतं, आत कोंडलेल्या तेलात क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जंतू वाढतात (जुन्या पुस्तकांत प्रोपिओनिबॅक्टेरियम लिहिलेलं असतं, जंतू तोच), आणि त्याला उत्तर म्हणून शरीर सूज आणतं. अँटिबायोटिक यातल्या शेवटच्या दोनच गोष्टींवर काम करतं. जंतू कमी करतं आणि सूज उतरवतं. डॉक्सीसायक्लिन-मिनोसायक्लिनसारख्या टेट्रासायक्लिन गटाच्या औषधांचा सूज उतरवायचा गुण जंतू मारण्यापेक्षा वेगळा, स्वतंत्र आहे. पण तेल कमी होत नाही आणि बुजलेलं भोक उघडत नाही. म्हणून नुसती गोळी घेऊन बंद केली की काही दिवसांनी चेहरा बऱ्याचदा पुन्हा पहिल्यासारखा होतो.

म्हणून आधी चेहरा नीट बघायचा. नुसते काळे-पांढरे बारीक ठिपके असतील, लाल सूज नसेल, तर पोटातून अँटिबायोटिकची गरजच नाही. तिथे लावायचं औषध. लाल, दुखरे, पू धरलेले फोड बरेच असतील, गाल, पाठ, छाती व्यापली असेल, तर गोळीचा विचार होतो. आणि खोल गाठी, खड्डे पडणारे व्रण दिसायला लागले असतील तर अँटिबायोटिकवर महिने घालवू नयेत. त्यांना लवकर त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवा, तिथे बहुधा आयसोट्रेटिनॉइनचा (पोटातून घ्यायचं वेगळं औषध, अँटिबायोटिक नव्हे) निर्णय होतो.

हुरडा
पण फोड पाच दिवसांत बसतात म्हणूनच मुलं सोडतात ना? मग पाच दिवसांचा कोर्स का नको?

कयाधू
पाच दिवसांचा हिशोब घशाच्या दुखण्याचा आहे, मुरुमाचा नाही. मुरुमाला पहिला फरक दिसायलाच सहा ते आठ आठवडे लागतात. पाच दिवसांत बसलेला फोड आपोआप बसणारच होता. त्याचं आयुष्यच आठवडा-दीड आठवड्याचं असतं.

मोठ्या माणसाला डॉक्सीचा नेहमीचा डोस रोज १०० मिलिग्रॅम. साधारण १२ आठवडे, फार तर तीन-चार महिने, आणि मग बंद. १२ आठवडे म्हणजे ८४ गोळ्या. दहाची पट्टी धरली तर आठ पट्ट्या आणि वर चार. पालकांनी एवढा आकडा लक्षात ठेवला तरी पुरे. पाच गोळ्या घेणारा आणि वर्षभर घेणारा, दोघंही चुकले. पाच गोळ्यांनी मुरूम जात नाही, पण जंतूंना औषधाची ओळख होते. वर्षभर घेतल्याने फक्त मुरुमाचेच नाही, आतड्यातले आणि घशातले जंतूही औषधाला दाद देईनासे होतात.

औषधवाला_बीड
गोळी गिळायची कशी यावर लिहितो, कारण डॉक्सीचा सगळ्यात जास्त त्रास तिथेच होतो आणि चिठ्ठीवर ते कोणी लिहीत नाही.

ही गोळी आम्लधर्मी असते. अन्ननलिकेत अडकली तर जिथे अडकली तिथे कातडं भाजल्यासारखा व्रण होतो. दुसऱ्या दिवशी छातीच्या मधोमध टोचतं, घास गिळताना पाणी येतं डोळ्यांत, घरचे हृदयाचं दुखणं समजून घाबरतात. हायक्लेट क्षाराची कॅप्सूल जास्त त्रास देते, मोनोहायड्रेट त्यामानाने सौम्य. वसतिगृहातली मुलं अभ्यास संपवून रात्री बाराला एका घोटात गोळी ढकलतात आणि लगेच गादीवर आडवी होतात. अडकायला याहून सोयीचं काही नाही.

बरोबर पद्धत अशी: आधी दोन घोट पाणी पिऊन घसा ओला करायचा. गोळी उभं राहून किंवा ताठ बसून घ्यायची. वरून मोठा पेला भरून, २०० मिलिलिटरच्या वरच, पाणी प्यायचं. नंतर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, तासभर असेल तर उत्तम. रिकाम्या पोटी मळमळ होते, म्हणून जेवणानंतर घेतली तरी चालते. भाकरी-भाजी, वरण-भात काही हरकत नाही. पाकिटावर डीआर (औषध उशिरा सोडणारी गोळी) लिहिलं असेल तर ती गोळी तोडायची नाही, चावायची नाही.

जेवणात दूध, दही, ताक, पनीर मात्र त्या वेळी नको. कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं आणि दोघं मिळून संडासवाटे निघून जातात. आम्लपित्ताचं पातळ औषध, झिंकच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या यांचंही तेच. मध्ये किमान दोन तासांचं अंतर ठेवायचं.

ज्वारीचं_कणीस
आमच्याकडे बोअरचं पाणी इतकं क्षाराचं की भांड्यावर पांढरा थर बसतो. त्या पाण्याने गोळी घेतली तर चालेल का?

औषधवाला_बीड
चालेल. जड पाण्यात कॅल्शियम असतं, पण पेलाभर दुधाच्या मानाने फारच कमी. गाळलेलं पाणी असेल तर ते घ्या, नसेल तर बोअरचंच घ्या, पण पेला पूर्ण भरा. पाणी जड आहे म्हणून दोन घोटांत गोळी उरकली तर अन्ननलिकेचं नुकसान कितीतरी मोठं.

खाम_नदी
यात एक महत्त्वाची भर. शाळा-कॉलेजांत किशोरवयीन मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी देतात. लोह डॉक्सीचा सगळ्यात मोठा शत्रू आहे. डॉक्सी रक्तातून पुन्हा आतड्यात उतरते, म्हणून दोन तासांचं अंतर ठेवलं तरी लोह तिला तिथे गाठतं. निळी गोळी सकाळी शाळेत असेल तर त्या दिवशी डॉक्सी रात्रीच्या जेवणानंतर घ्यायची. अशक्तपणा जास्त आहे आणि लोह रोजच चालू आहे अशा मुलीला डॉक्टरांकडे हे आवर्जून सांगायला लावा. निळी गोळी बंद करू नका. मराठवाड्यात मुलींचं रक्त कमी असणं ही मुरुमापेक्षा फार मोठी अडचण आहे.

पांढरीचा_शेतकरी
उन्हाचं कोणी बोललं नाही अजून. डॉक्सी चालू असताना ऊन बाधतं असं ऐकून आहे. आमच्याकडे परभणी-मानवत भागात कापूस वेचायला पोरंसोरं दिवसभर रानात असतात.

कयाधू
बरोबर ऐकलंय दादा. डॉक्सी कातडीत असताना उन्हातल्या यूव्हीए किरणांनी कातडी भाजते. नाकाचा शेंडा, गालाची हाडं, कानाच्या पाळ्या, पालथे हात इथे आधी आग, मग लाली, मग काळपट सालटं. कधीकधी नखं उन्हाने खालून सुटतात आणि दुखतात. डोस वाढला की त्रास वाढतो, म्हणून '१०० ने फरक नाही, २०० करा' हे मनाने करायचं नाही.

रानात काम असेल तर रुंद काठाची टोपी किंवा डोक्यावरून गालांपर्यंत येणारा सुती पंचा, पूर्ण बाह्या. सनस्क्रीन एसपीएफ ३० च्या वरचं आणि यूव्हीए अडवतं असं लिहिलेलं. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं, घामात दर दोन-तीन तासांनी परत. जेलचं घ्या, तेलकट क्रीमने मुरूम वाढतात. आणि वेचणीचे दिवस ठरलेलेच असतात ना? डॉक्टरांना ते आधी सांगितलं तर कोर्स पुढेमागे करता येतो किंवा औषध बदलता येतं.

खाम_नदी
म्हणूनच मी म्हणते, गोळी रात्रीच्या जेवणानंतर घ्यावी. दुपारच्या उन्हात रक्तातली पातळी उतरलेली असते.

औषधवाला_बीड
ताई, इथे माझं मत वेगळं आहे. डॉक्सी रक्तात १८ ते २२ तासांनी निम्मी होते. रात्री आठला घेतलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुपारी दोनलाही निम्म्याहून जास्त शिल्लकच असते. उन्हाचा फायदा थोडा, आणि झोपायच्या आधी गोळी घ्यायची सवय लागायचा धोका मोठा. मी सकाळी न्याहारीनंतर सांगतो.

खाम_नदी
आकडा मान्य. पण मेसमध्ये सकाळी चहा-दुधाबरोबरच गोळी जाते, तेही बघा. रात्री आठला जेवण आणि अकराला झोप असेल तर तीन तास मिळतात. ज्याचं जेवण आणि झोप यांत अंतर नाही त्याने सकाळी घ्यावी, आणि दूधवाला चहा दोन तासांनी.

औषधवाला_बीड
हे पटलं. वेळ कोणतीही असो, दूध आणि गादी दोन्ही लांब.

हुरडा
मग अझिथ्रो बरी की. आठवड्यातून तीनच दिवस, उन्हाचा त्रास नाही, दूध चालतं.

कयाधू
सोयीची आहे, आणि म्हणूनच गैरवापर जास्त. ५०० मिलिग्रॅम, आठवड्यातून तीन दिवस, अशी पद्धत आपल्याकडे चालते. डॉक्सी चालत नाही अशांना ती देतात, उदाहरणार्थ गर्भवती. पण पहिली पसंती डॉक्सीच. एक तर अझिथ्रोच्या गटाला, म्हणजे एरिथ्रोमायसिन वगैरेंना, मुरुमाचे जंतू मोठ्या प्रमाणात सरावलेत. त्यांचा क्लिंडामायसिनशीही संबंध लागतो. एकाला सरावलेला जंतू दुसऱ्याला सहसा दाद देत नाही. दुसरं, विषमज्वरात आपल्याकडे तोंडाने घ्यायची जी मोजकी औषधं हाताशी राहिलीत त्यातलं अझिथ्रो एक आहे. ते गालावरच्या फोडांवर उधळायचं नाही. आणि ज्यांच्या हृदयाच्या ठोक्यांत दोष आहे, ईसीजीत क्यूटी (ठोक्यानंतर हृदय पुन्हा सज्ज व्हायचा काळ) लांबलंय, त्यांना ती धोक्याची.

त्वचा_नांदेड
मिनोसायक्लिनबद्दल थोडं. ५० किंवा १०० मिलिग्रॅमची मिळते, ऊन कमी बाधतं, म्हणून लोकांना आवडते. पण पहिल्या काही दिवसांत चक्कर येते, अशा वेळी मोटरसायकल चालवू नये. लांबवली तर जुन्या व्रणांत, नडगीवर, हिरड्यांवर निळसर काळे डाग पडतात आणि ते वर्षानुवर्षं जात नाहीत. काहींना, विशेषतः तरुण मुलींना, सांधे दुखणं, बारीक ताप, यकृताला सूज असा ल्युपससारखा (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो) आजार होतो. औषध थांबवलं की बहुतेकदा उतरतो, पण ओळखायला हवा. लायमेसायक्लिन ४०८ मिलिग्रॅमची कॅप्सूल येते, ती पोटाला आणि उन्हाला त्यामानाने बरी.

आता खरा मुद्दा. मुलं जे 'पिंपल' म्हणून दाखवतात त्यातलं सगळं मुरूम नसतं. कपाळ, पाठ, छातीवर एकसारखे, बारीक आणि खाजणारे दाणे असतील तर मॅलॅसेझिया नावाच्या बुरशीचा संशय घ्यावा. मुरूम दुखतो, बुरशीचा दाणा खाजतो. अँटिबायोटिकने तो कमी होत नाही, वाढतो, कारण बुरशीला आवर घालणारे जंतू मरतात. त्याला केटोकोनाझोल, इट्राकोनाझोल अशी बुरशीची औषधं लागतात.

आणि दुसरं म्हणजे स्टेरॉइडची क्रीम. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन घातलेली मलमं 'गोरं व्हायची', 'डाग जायची' म्हणून शेजारणीकडून, पार्लरमधून, मेडिकलवरून चेहऱ्यापर्यंत पोचतात. सुरुवातीचे दोन आठवडे चेहरा काचेसारखा होतो. मग एकसारखे लाल फोड, पातळ कातडी, गालावर लाल शिरा, हनुवटीवर लव. थांबवलं की चेहरा पेटतो, म्हणून परत लावतात. अशा चेहऱ्यावर आपण डॉक्सी किती का द्या, ट्यूब चालू असेपर्यंत उपयोग नाही. पालकांना सांगा, मुलांनी लावलेली प्रत्येक ट्यूब डॉक्टरांपुढे ठेवा. नाव आठवायचं नाही, ट्यूबच न्यायची. सोबत क्षयाची औषधं, फिटची औषधं, जिमची पावडर, बी-१२ ची इंजेक्शनं चालू असतील तर तीही सांगा. त्यांनीही मुरमासारखे फोड येतात.

ज्वारीचं_कणीस
रोज डोक्याला तेल थापतात त्याचं काय? कपाळावरच जास्त येतात.

त्वचा_नांदेड
कपाळाच्या रेषेलगत ओळीने ठिपके असतील तर तेल हे कारण असू शकतं. तेल केसांच्या टोकांना लावा, रात्रभर कपाळावर उतरू देऊ नका, उशीचा अभ्रा बदला.

मांजराकाठची
मुलींच्या बाबतीत वेगळं काही आहे का? अडचण असते, पण विचारत नाहीत.

खाम_नदी
आहे, आणि स्पष्ट बोलायला हवं. टेट्रासायक्लिन गट गर्भारपणात चालत नाही, बाळाच्या दातांवर आणि हाडांवर बसतो. आठ वर्षांखालच्या मुलांनाही याच कारणाने देत नाहीत. लग्न झालेल्या मुलीची पाळी चुकली असेल तर आधी तपासणी, मग गोळी. कोर्स चालू असताना अंगावर पांढरं जाणं, खाज सुटणं हे बुरशीने होतं. लाजून अंगावर काढू नये, साधा उपाय आहे. गर्भनिरोधक गोळीचा परिणाम डॉक्सीने कमी होत नाही, उलटी-जुलाब झाले तरच काळजी. तो गुण क्षयाच्या रिफाम्पिसिन या औषधाचा आहे, लोक सगळ्याच अँटिबायोटिकला चिकटवतात.

पाळी दोन-दोन महिने लांबते, हनुवटीवर राठ केस येतात आणि फोड जबड्याच्या कडेला आहेत, असं असेल तर मूळ संप्रेरकांत आहे. तिथे अँटिबायोटिकच्या पट्ट्यांमागून पट्ट्या संपतात. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि त्वचारोगतज्ज्ञ दोघांकडे जावं.

संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयात, नांदेडला विष्णुपुरीत, लातूरला, सगळीकडे शासकीय बाह्यरुग्ण विभाग आहे. पाटीवर 'त्वचा व गुप्तरोग' असं लिहिलेलं असतं म्हणून मुली आणि त्यांच्या आया दारातून परत फिरतात. एकच विभाग दोन्ही बघतो, एवढंच त्या पाटीचं कारण. पालकसभेत हे जरूर सांगा.

कयाधू
ताईंच्या मूळ प्रश्नातला 'सोबत काय लागतं' हा भाग राहिलाच होता. माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. अँटिबायोटिक एकटं कधीच द्यायचं नाही. जोडीला बेंझॉइल पेरॉक्साइड हवंच, कारण त्याला जंतू सरावत नाहीत. आणि भोक उघडायला ॲडापॅलिन ०.१ टक्के. पोटातून डॉक्सी आणि वरून क्लिंडामायसिन, अशी दोन अँटिबायोटिकची जोडी मात्र नको.

ॲडापॅलिन रात्री लावायचं. चेहरा धुऊन टिपून घ्यायचा, कातडी पूर्ण कोरडी व्हायला पंधरा-वीस मिनिटं द्यायची. मटाराच्या दाण्याएवढं बोटावर घ्यायचं, कपाळ, दोन्ही गाल आणि हनुवटीवर टिकल्या लावून सगळीकडे पातळ पसरायचं. फक्त फोडावर थापायचं नाही. जे फोड पुढच्या महिन्यात येणार आहेत ते आज न दिसणाऱ्या भोकांत तयार होतायत, औषध त्यांच्यासाठी आहे. डोळ्यांच्या कडा, नाकाच्या बाजूच्या घळ्या आणि ओठांचे कोपरे सोडायचे. पहिले दोन-तीन आठवडे एक दिवसाआड. सालटं निघाली की लोक 'सोसलं नाही' म्हणून सोडतात. तेव्हा प्रमाण कमी करायचं, साधं मॉइश्चरायझर वाढवायचं. गर्भारपणात हेही बंद.

बेंझॉइल पेरॉक्साइड अडीच टक्क्यांपासून सुरू. सकाळी लावून पाच-दहा मिनिटांनी धुतलं तरी काम होतं. कपड्यांचा रंग उडवतं, म्हणून टॉवेल आणि अभ्रा पांढरा ठेवा. ओढणी, स्कार्फ जपा.

१२ आठवड्यांनी गोळी थांबते, ट्यूब चालू राहते. गोळी हळूहळू कमी करायची गरज नसते. आणि मागे राहिलेले काळे डाग म्हणजे मुरूम नव्हे. आपल्या रंगाच्या कातडीवर ते महिनोन्महिने राहतात, त्यासाठी गोळी वाढवायची नाही.

औषधवाला_बीड
कधी लगेच थांबवायचं तेही लिहून ठेवा. डोकं सतत दुखणं आणि सोबत अंधुक किंवा दोन-दोन दिसणं: मेंदूभोवतीचा दाब वाढलेला असू शकतो, गोळी बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. म्हणूनच आयसोट्रेटिनॉइन आणि डॉक्सी एकत्र कधीच घ्यायचं नाही, दोन्हींनी हाच दाब वाढतो. अंगावर पुरळ आणि ताप, तोंडात फोड, कातडी सुटणं. डोळे पिवळे होणं. गिळताना छातीत दुखणं. थांबत नाहीत असे किंवा रक्ताचे जुलाब.

पट्टीवर उभी लाल रेघ असते, ती चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही यासाठीच असते. आणि मुदत संपलेली टेट्रासायक्लिनची जुनी पट्टी घरात सापडली तर टाकून द्या. बिघडलेल्या टेट्रासायक्लिनने मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या जुन्या नोंदी आहेत.

त्वचा_नांदेड
अजून एक, जो कोर्स लांबवणाऱ्यांनाच होतो. गोळी चालू असताना चांगला झालेला चेहरा अचानक बिघडला, नाकाभोवती आणि ओठांभोवती पिवळ्या टोकाच्या फोडांचे झुबके आले, तर ते वेगळ्याच, ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंचं काम असतं. लोक डोस वाढवतात. तिथे गोळी थांबवून पुवाची तपासणी करायची असते.

मांजराकाठची
सगळं उतरवून घेतलं. एक शेवटचं. ज्या मुलांनी मनानेच वीस-बावीस गोळ्या घेतल्यात त्यांना काय सांगू? 'कोर्स पुरा करा' की 'आज बंद करा'?

कयाधू
'पुरा करा' म्हणायला तो कोर्स कोणी लिहून दिलेलाच नाही. आज बंद केली तरी काही बिघडत नाही. पट्टी आणि ट्यूब बरोबर घेऊन या आठवड्यात दाखवायला पाठवा, आणि कोणत्या तारखेपासून घेतली ते कागदावर लिहून द्या. तज्ज्ञाने पुढे चालू ठेवायचं ठरवलं तर त्या वीस-बावीस गोळ्या ८४ मधून वजा व्हायला हव्यात. बाकी ट्यूब ज्याच्याकडे आहे त्याने आज रात्रीपासूनच सुरू करायला हरकत नाही, पण फक्त तीच, जिच्यावर ॲडापॅलिन किंवा बेंझॉइल पेरॉक्साइड एवढंच लिहिलंय. शेवट '-सोन' किंवा '-सोल'ने होणारं नाव दिसलं तर ती वेगळी काढून डॉक्टरांकडे न्यायच्या पिशवीत टाका.